विज्ञान टाळता येत नाही अशी शाळा

शिकागोच्या दक्षिण भागात 2000 साली मुलींची एक शाळा सुरू झाली. नाव यंग विमेन्स लीडरशिप चार्टर स्कूल. पैसा सरकारी, फी शून्य, प्रवेशपरीक्षा नाही आणि सगळा भर गणित, विज्ञान, तंत्रज्ञानावर. शिकणाऱ्या मुली बहुतांश कृष्णवर्णीय, बेताच्या परिस्थितीतल्या घरांतल्या. जवळजवळ दोन दशकं ती चालली. मग पट घटत गेला आणि 2019 मध्ये तिला कुलूप लागलं. दरम्यान 2016 मध्ये लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक शिक्षण मंडळाने साधारण याच धर्तीवर गर्ल्स अकॅडेमिक लीडरशिप अकॅडमी काढली. ती चार्टर नाही, थेट मंडळाची आहे. एका शहरात अशी शाळा उघडते, दुसऱ्या शहरात मिटते, वाद मात्र तोच: करदात्यांच्या पैशातून फक्त मुलींसाठी विज्ञानाची शाळा काढावी का?

माझं उत्तर 'काढावी' असंच आहे. पण अशा शाळांचे पाठीराखे त्यासाठी जी कारणं देतात, त्यातली निम्मी मला पटत नाहीत आणि विरोधकांचे दोन-तीन आक्षेप चांगलेच पटतात. वर्गात मुलगे नसणं हे अशा शाळेचं मोठं वैशिष्ट्य मानलं जातं. माझ्या मते तिची खरी ताकद दुसरीकडेच आहे. तिथे कुठल्याच मुलीला विज्ञान आणि संगणक टाळून बारावी पार करता येत नाही.

आधी 'चार्टर' ही काय भानगड आहे ते पाहू. आपल्याकडची अनुदानित शाळा डोळ्यांसमोर आणली तर निम्मं समजतं: शाळा चालवते संस्था, पैसा देतं सरकार. उरलेलं निम्मं वेगळं आहे. चार्टर शाळेला सरकारी यंत्रणेकडून ठरावीक मुदतीचा परवाना मिळतो, साधारण पाच वर्षांचा. त्यात शाळेने काय साधायचं ते लिहिलेलं असतं. बदल्यात शिक्षक नेमण्यात, वेळापत्रकात, अभ्यासक्रमात तिला बरीच मोकळीक मिळते. मुदत संपली की हिशेब द्यायचा. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर सोडत काढायची. पैसा डोक्यागणिक येतो, म्हणून पट घसरला की शाळाही घसरते. मिनेसोटाने असा पहिला कायदा 1991 मध्ये केला, इलिनॉयने 1996 मध्ये. पटाची ही धास्ती आपल्याला नवी नाही. पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्या संचमान्यतेच्या दिवसांत इथल्या कुठल्याही मुख्याध्यापकाचा चेहरा पाहा.

पुण्या-नाशिकच्या वाचकाला मूळ प्रश्नच जरा विचित्र वाटेल. मुलींना विज्ञान-तंत्रज्ञानाकडे वळवायला अमेरिकेत वेगळी शाळा लागते? आपल्याकडे कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या कुठल्याही वर्गात डोकावलं तर मुलींच्या बाकांची रांग दिसते आणि त्याचं कुणाला अप्रूप वाटत नाही. भारतात विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या शाखांच्या पदवीधरांत मुलींचा वाटा 40 टक्क्यांच्या वर आहे. अमेरिकेत 1980च्या दशकाच्या मध्यावर संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रिया 37 टक्के होत्या. 2010च्या आसपास तो वाटा 18 टक्क्यांवर आला होता. एवढ्या श्रीमंत देशात, समानतेचा कायदा असताना, आकडा निम्म्यावर यावा?

यावरून आपण छाती फुगवायचं मात्र कारण नाही. आयआयटींमध्ये 2018 पूर्वी मुली दहा टक्क्यांच्याही आत होत्या. जादा जागा निर्माण केल्या तेव्हा कुठे 20 टक्क्यांची भाषा सुरू झाली. राजस्थानातल्या कोट्याच्या क्लासला दोन वर्षं ठेवण्याचा खर्च घरातल्या मुलावर करायचा की मुलीवर, हा निर्णय जेईईच्या गुणांच्या बराच आधी लागलेला असतो. आणि पदवीनंतर नोकरीत किती जणी टिकतात हा विषय काढला तर हा लेख दुसरीकडेच जाईल.

तरीही या तुलनेत एक गोष्ट दडलेली आहे. आपल्याकडे दहावीपर्यंत विज्ञान सगळ्यांना सारखं. अकरावीला सायन्स घेतलं की भौतिकशास्त्र आलंच. डॉक्टर व्हायचंय म्हणून ते सोडता येत नाही. अमेरिकन हायस्कूलमध्ये विद्यार्थी बरेचसे विषय निवडून घेतो. साध्या भौतिकशास्त्राच्या वर्गात तिथेही मुली जवळपास निम्म्या असतात. पण कॅल्क्युलसवर आधारलेल्या भौतिकशास्त्राची किंवा संगणकशास्त्राची वरच्या पातळीची ऐच्छिक एपी परीक्षा घ्या. तिथे मुली सुमारे चौथाईवर येतात. याच मुली जीवशास्त्रात मुलांच्या पुढे असतात, शाळेतले त्यांचे एकूण गुणही मुलांपेक्षा चांगले असतात. तेव्हा बुद्धीचा प्रश्न निकालात निघतो. पंधरा-सोळाव्या वर्षी निवडीचा कागद समोर येतो आणि त्या कागदावर मुलगी एकटी नसते. मैत्रीण काय घेते, कौन्सेलर काय सुचवतो, त्या वर्गात गेलं तर आपण एकट्याच पडू का, हे सगळं त्या चौकोनात खूण करताना हजर असतं.

स्वतंत्र संस्थांचं जुनं कारण सरळ होतं. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियातल्या ज्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून 1886 मध्ये डॉक्टर झाल्या, ते 1850 मध्ये निघालं, कारण पुरुषांची वैद्यकीय महाविद्यालयं बाईला दारात उभी करत नव्हती. त्याच फिलाडेल्फियात मुलींचं सार्वजनिक हायस्कूल 1848 मध्ये सुरू झालं, ज्या साली भिडेवाड्यात सावित्रीबाई शिकवू लागल्या. दार बंद असेल तर दुसरं दार काढावं लागतं, त्याला सिद्धांत लागत नाही. आनंदीबाईंच्या कॉलेजने 1970 मध्ये पुरुषांनाही घ्यायला सुरुवात केली. दोन वर्षांनी, 1972 मध्ये, शिक्षणातल्या लिंगभेदाला बंदी करणारा केंद्रीय कायदा आला. तिकडे त्याला टायटल नाइन म्हणतात. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियाच्या सरकारी लष्करी महाविद्यालयाला मुलींना प्रवेश देणं भाग पाडलं. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी त्या निकालात लिहिलं की सरकारला स्त्री-पुरुष असा भेद करायचाच असेल तर त्यासाठी अत्यंत पटण्याजोगं कारण द्यावं लागेल. आता दारं कायद्याने उघडी आहेत. म्हणून आजच्या मुलींच्या शाळेला नवं कारण द्यावं लागतं.

नवं कारण देताना पाठीराखे घसरतात ते इथे. मुलींचा मेंदू वेगळा असतो, त्या वेगळ्या पद्धतीने शिकतात, त्यांना शांत, सहकार्याचं वातावरण लागतं आणि मुलांना आव्हान लागतं, असली मांडणी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेत चांगलीच खपली. शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या, वर्गाचं तापमान किती असावं इथपर्यंत सल्ले गेले. 2011 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मानसशास्त्रज्ञांच्या एका गटाने या मांडणीला छद्मविज्ञान म्हटलं आणि माझ्या मते ते योग्यच होतं. विज्ञानाच्या शाळेने छद्मविज्ञानावर उभं राहावं यापेक्षा मोठा विनोद कुठला? शिवाय हा मेंदूवाद आपल्याला चांगला ओळखीचा आहे. बायकांची बुद्धी वेगळी, म्हणून त्यांचं शिक्षणही वेगळं, हे आपल्या पणज्यांना ऐकवून झालेलं आहे.

2014 मध्ये पाल्के, हाइड आणि ॲलिसन या संशोधकांनी 21 देशांतले 184 अभ्यास एकत्र तपासले. त्यात सुमारे 16 लाख विद्यार्थी होते. विद्यार्थ्यांची घरची परिस्थिती आणि आधीची तयारी जिथे नीट लक्षात घेतली होती, तिथे मुला-मुलींच्या वेगळ्या शाळांचा फायदा जवळपास शून्यावर आला. मुलींच्या शाळांचे निकाल चांगले लागतात याचं मुख्य कारण तिथे कोण येतं हे असतं. आपल्याला हे सांगायला संशोधक कशाला हवेत. नावाजलेल्या शाळेच्या प्रवेशाच्या रांगेत उभे राहिलेले पालक पाहिले तरी कळतं.

पण याहून बोलका पुरावा कॅरिबियनमधून आला, आणि तो दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. त्रिनिदाद-टोबॅगोमध्ये माध्यमिक शाळेची वाटणी परीक्षेचे गुण आणि पसंतीक्रम यांवर एका ठरलेल्या नियमाने होते. त्यामुळे सारख्याच वकुबाची मुलं कुणी मिश्र शाळेत, कुणी वेगळ्या शाळेत पडतात. किराबो जॅक्सन या अर्थशास्त्रज्ञाने याचा फायदा घेऊन 2012 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक विद्यार्थ्यांना वेगळ्या शाळेचा काही फायदा झाला नव्हता. ज्या मुलींना मनापासून मुलींचीच शाळा हवी होती, त्यांना झाला. आणि मुलींच्या शाळेतल्या मुलींनी विज्ञानाचे विषय कमी घेतले होते. मुलगे नसलेल्या वर्गात, कुणी दडपण आणणारं नसताना, कमी.

पुढे 2010 मध्ये तिथल्या सरकारने कमी निकालाच्या 20 मिश्र शाळा वेगळ्या केल्या, तेव्हा मात्र मुला-मुलींचे दोघांचेही गुण सुधारले. किशोरवयात आई होणाऱ्या मुलींचं प्रमाण घटलं. म्हणजे वेगळ्या शाळेचा काहीच उपयोग नाही असं म्हणणंही खोटं. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये मुलांना शाळा चिठ्ठी टाकून मिळायची. तिथेही वेगळ्या शाळांत प्रवेशपरीक्षेचे गुण वाढलेले दिसले, पण मुलींचा विज्ञान-तंत्रज्ञानाकडे ओढा वाढल्याचं ठोस चित्र दिसलं नाही. गुण सुधारणं आणि मुलगी भौतिकशास्त्राकडे वळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली साधली की दुसरी आपोआप येईल, या समजावर शाळा काढू नये.

कारण वेगळी शाळा फार सहज वेगळ्या अभ्यासक्रमाची शाळा होते. पुण्यात हुजूरपागा निघाली तेव्हा मुलींना इंग्रजी आणि मुलांसारखेच विषय शिकवण्याला टिळकांनी विरोध केला होता. घरकामाला सोयीचे तास आणि संसाराला उपयोगी विषय असावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. अण्णासाहेब कर्वे तर स्त्रीशिक्षणाचे कैवारी, पण 1916 च्या महिला विद्यापीठाच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमात गृहव्यवस्था आणि आरोग्य या विषयांना मानाचं स्थान मिळालं होतं. हेतू चांगलाच होता. पुढे 1991 मध्ये कर्व्यांच्याच संस्थेने कर्वेनगरला मुलींचं कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. तिथे सुरुवातीला अभ्यासक्रम विद्यापीठाचा होता, इतर कॉलेजांसारखाच. मुलींसाठी म्हणून सोपं केलेलं मेकॅनिक्स तिथे नाही. मुलींची विज्ञानशाळा याच अटीवर उभी राहू शकते.

मग मुलगे नसण्याचा उपयोग काहीच नाही का? आहे. तो पाहायला मेंदूचे फोटो नकोत, बारावीचं फिजिक्सचं प्रॅक्टिकल पुरे. टेबलावर मीटर ब्रिज, म्हणजे विद्युतरोध मोजायचं साधन, मांडलेला असतो. चौघांचा गट, दोन मुलगे, दोन मुली. सर सांगून पुढच्या टेबलाकडे जातात. वायरी कोण जोडतो? मुलगा. जॉकी तारेवर सरकवून गॅल्व्हनोमीटरचा काटा शून्यावर कोण आणतो? दुसरा मुलगा. रीडिंग सांगितली जातात, मुलगी लिहून घेते, कारण तिचं अक्षर चांगलं असतं. आकृतीही तीच काढते. वर्षाअखेर तिचं जर्नल वर्गात सर्वांत नीटनेटकं असतं, त्यावर 'उत्तम' शेरा असतो आणि रिहोस्टॅटला तिने हात लावलेला नसतो. यात कुणी दुष्ट नसतं. मुलग्याला कुणी वायरी पळव म्हणून सांगितलेलं नसतं, मुलीला कुणी मागे सर म्हटलेलं नसतं. कामं आपोआप वाटली जातात. रोबोटिक्सच्या टीममध्ये हेच होतं: मुलगे ड्रिल धरतात, मुली पोस्टर आणि सादरीकरण सांभाळतात.

मुलींच्या शाळेत ही वाटणी मोडते, कारण वायर जोडायला मुलीशिवाय दुसरं कुणी नसतं. माझ्या लेखी मुलगे नसण्याचा पक्का फायदा हा एवढाच, आणि तो छोटा नाही. हेच मिश्र वर्गातही साधता येईल: दर आठवड्याला कामं बदला, लिहिणाऱ्याने जोडायचं, जोडणाऱ्याने लिहायचं. दोन ओळींचा नियम आहे. पण तो प्रत्येक शिक्षकाने, प्रत्येक तासाला, तीस विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवत पाळायला हवा. शाळा ज्यांनी आतून पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की असे नियम फलकावर राहतात. मुलींच्या शाळेत हा नियम कुणी पाळायचा हा प्रश्नच उरत नाही.

शिकागोने दुसरा रस्ताही चोखाळून पाहिला आहे. 2016 मध्ये तिथल्या सार्वजनिक शिक्षण मंडळाने संगणकशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम हायस्कूल पूर्ण करण्यासाठी सक्तीचा केला. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत असं करणारं ते पहिलंच. विषय सगळ्यांना सक्तीचा झाला की त्या वर्गात मुली निम्म्या होतात, त्यासाठी कुणाचं मन वळवावं लागत नाही. मुलींची शाळा वीस वर्षांत काही शे मुलींपर्यंत पोचते, असा ठराव एका सहीत हजारो मुलींना त्या वर्गात आणून बसवतो. वाव फक्त एकाच ठिकाणी देता येणार असेल तर मी त्या ठरावाच्या बाजूने मत देईन. पण वर्गात बसणं आणि कीबोर्ड आपल्या हातात असणं यातलं अंतर वर सांगितलंच आहे. एका सक्तीच्या अभ्यासक्रमानंतर पुढचा ऐच्छिक विषय येतो, तेव्हा तो जुना कागद पुन्हा समोर असतो. म्हणून सगळीकडे सक्ती हवी आणि शहरात एखाद-दुसरी मुलींची विज्ञानशाळाही हवी, ज्या घरांना ती हवी आहे त्यांच्यासाठी. त्रिनिदादमध्ये फायदा झाला तो ज्यांनी अशी शाळा मनापासून मागितली होती त्यांना, हे विसरता कामा नये.

एक मुद्दा पैशाचाही आहे. श्रीमंत अमेरिकन घरांना मुलींची खाजगी शाळा हा पर्याय पिढ्यान्‌पिढ्या होताच. 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये ॲन टिश यांच्या पुढाकाराने मुलींची सरकारी शाळा निघाली, तेव्हा त्यांचा युक्तिवाद हाच होता: जो पर्याय पैसेवाल्यांना आहे तो हार्लेमच्या मुलीला का नसावा? नागरी हक्कवाल्या संघटनांनी तक्रार केली. त्यात न्यूयॉर्कमधली स्त्रीवादी संघटनाही होती. त्यांना मी मोडीत काढणार नाही. ज्या देशात वेगळ्या पण समान शाळा या नावाखाली कृष्णवर्णीय मुलांना 1954 पर्यंत पडक्या इमारतींत बसवलं, तिथे सरकारने पुन्हा शाळेच्या दारावर कोण कुठल्या गटातला हे विचारायला लागणं अंगावर येतं. फरक इतकाच की त्या शाळांत मुलांना ढकललेलं होतं आणि ईस्ट हार्लेमच्या शाळेत अर्ज करून जायचं होतं. हा फरक मला पुरेसा वाटतो, पण तो टिकवायचा तर कुणालाही तिथे न विचारता पाठवलं जाता कामा नये.

विरोधकांचा दुसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि तो मला सर्वांत जास्त पटतो. 2006 मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने नियम सैल केले. त्यानुसार एखाद्या मंडळाने मुलींची सरकारी शाळा काढली तर मुलग्यांसाठीही तितक्याच तोलाच्या शाळेची सोय, मिश्र का होईना, त्याला करावी लागते. लॉस एंजेलिसने वर्षभरात मुलग्यांची अकॅडमीही काढली. पण जी चार्टर शाळा कायद्याने स्वतःच एक स्वतंत्र मंडळ मानली जाते, तिला ही अट लागू नाही. शेजारच्या गल्लीतल्या मुलाला तसली प्रयोगशाळा मिळते का, हे तिने पाहायचं नाही. ही पळवाट बंद व्हायला हवी. दक्षिण शिकागोच्या कृष्णवर्णीय मुलग्याच्या वाट्याला चांगली भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा फार येते असं कुणी म्हणणार नाही. त्याची सोय करण्याची जबाबदारी एकट्या चार्टर शाळेवर टाकणं चूक, पण परवाना देणाऱ्या यंत्रणेवर ती टाकता येते.

परवाना देणारेच या सगळ्यात नामानिराळे राहतात. शाळा काढताना तिला सार्वजनिक म्हणायचं, भाषणात शहराची शान म्हणायचं, आणि पट कमी झाला की तो त्या संस्थेचा प्रश्न. दक्षिण शिकागोतून कृष्णवर्णीय कुटुंबं वर्षानुवर्षं बाहेर पडत आहेत, तिथल्या सगळ्याच शाळांचा पट आटला आहे. त्यात एखाद्या विशेष शाळेचा पट आटणं हे तिच्या शिकवण्याचं मोजमाप होऊ शकत नाही. आपल्याकडे 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा समूह शाळेत विलीन करण्याची चर्चा झाली, तेव्हा लोक रस्त्यावर आले, कारण ती शाळा सरकारची आहे आणि जाब कुणाला विचारायचा हे त्यांना माहीत होतं. चार्टर शाळेच्या पालकाने कुणाच्या दारात जायचं? संचालक मंडळ म्हणणार निधी नाही, शिक्षण मंडळ म्हणणार शाळा आमची नाही. अकरावीतल्या मुलीचं वर्ष मधल्या मधे लोंबकळतं. म्हणून परवान्यातच लिहून घ्यावं की शाळा बंद करायची वेळ आली तर दाखल झालेल्या शेवटच्या तुकडीची बारावी होईपर्यंत ती शिक्षण मंडळाने चालवावी, त्याच अभ्यासक्रमासह.

आणि नूतनीकरणाच्या वेळी शाळेकडून निकालाची टक्केवारी आणि कॉलेजात गेलेल्या मुलींचा आकडा मागतात, तो मागावा. पण त्याच्या आधी दुसरा आकडा मागावा: शाळा सोडल्यानंतर, विषय सक्तीचा नसताना, पहिल्या वर्षी किती जणींनी भौतिकशास्त्र, संगणक किंवा अभियांत्रिकी पुन्हा घेतलं, आणि याच सोडतीत नंबर न लागलेल्या मुलींपैकी किती जणींनी घेतलं. सोडतीची यादी मंडळाच्या कपाटात असतेच.